सतराच्या पाढ्याइतकी नदी

म्हाकूआत्या जमिनीवर फारशी बोलत नसे. ती बोलायची पाण्यात. गळ्याइतक्या पाण्यात शिरली की तिचं तोंड जे सुरू व्हायचं, ते पैलतीराच्या गाळाला पाय लागेपर्यंत थांबायचं नाही. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, कुणाच्या सुनेनं माहेरी जाऊन काय सांगितलं, यंदा उसाला तुरा लवकर का आला, सगळं. आणि हे बोलणं चालायचं पाच माणसांनी भरलेली लोखंडी काहील दोन्ही हातांनी ढकलत, पाय मारत, भीमा ओलांडताना. वय पासष्टीच्या पुढं.

काहील म्हणजे गूळ करायची ती भलीमोठी पसरट कढई. आत्याच्या घरचं गुऱ्हाळ होतं. ऊस साखर कारखान्याला जायला लागला तसं गुऱ्हाळ बंद पडलं आणि काहील नदीत उतरली. नावेला पुढंमागं असतं, काहिलीला नसतं. ती आपली पाण्यात गरागरा फिरू बघते. बसल्या जागी एकदा शिरूर तालुका समोर यायचा, एकदा दौंड. ऊन तापलं की त्या लोखंडाला अजून गुळाचा वास येतो, असं मला वाटायचं. पोरी म्हणायच्या, "बाई, तुम्हाला भूक लागली असंल."

माझं घर दौंडच्या अंगाला, खुटबावला. शाळा नदीपलीकडं, शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवर. पुलावरून जायचं तर दोन एस.ट्या बदलायच्या आणि दीड तास धुळीत बसायचं. पावसाळ्यात तेवढा एकच मार्ग. पण पाऊस सरला, बंधाऱ्याला बर्गे म्हणजे त्या लोखंडी फळ्या बसवून पाणी अडवलं, की नदी तळ्यासारखी पसरून शांत व्हायची. तेव्हापासून उन्हाळ्यात बर्गे काढेपर्यंत आत्याची काहील चालायची. मी लुना बाभळीखाली लावायची आणि काहिलीत बसायची. माझ्याबरोबर अलीकडच्या मळ्यांतल्या चार पोरी. आमच्या बाजूला शाळा चौथीपर्यंतच होती, म्हणून पाचवी ते सातवीसाठी त्या पलीकडं यायच्या. सगळ्यांत थोरली सुरेखा.

ही नव्वदीतली गोष्ट. मी तेव्हा छत्तीसची. डी.एड. झालेली, खांद्याला पर्स, पर्समध्ये पावडरचा डबा, आणि पाण्याची भीती इतकी की आंघोळीला बसलं तरी तांब्या अंगापासून हातभर लांब धरायची. पहिल्या दिवशी मी काहिलीच्या बरोब्बर मधोमध बसले, दोन्ही बाजूंना एकेक पोरगी घट्ट धरली आणि डोळे मिटून तेहतीस कोटी देवांची हजेरी घ्यायला लागले. पोरींना वाटलं, बाई आपल्याला सांभाळतायत. खरं तर मी त्यांना धरून स्वतःला सांभाळत होते.

मागून आवाज आला, "मास्तरीणबाई, डोळं उघडा. डोळं झाकल्यानं पाणी उथळ व्हत न्हाई."

ही आमची पहिली ओळख.

आत्याचं घर मूळचं मेंढपाळांचं. तिच्या लहानपणी ते कळप घेऊन दरवर्षी कोकणात उतरायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचे. वाटेत जेवढ्या नद्या लागायच्या तेवढ्या तिनं मेंढरांच्या मागून पोहून पार केलेल्या. नंतर कालव्याचं पाणी आलं, जमीन भिजली, मेंढरं विकून घर ऊसवालं झालं. मुलांनी ट्रॅक्टर घेतला. पण दर साली लोकर कातरायच्या आधी भावकीतली उरलीसुरली मेंढरं नदीवर धुवायला आणली की आत्या लुगड्याचा कासोटा मारून सगळ्यांच्या आधी पाण्यात. म्हणायची, "मेंढराला पवायला कुनी शिकवीत न्हाई. एक उतरलं की समदी उतरत्यात. फकस्त पयलं उतरत न्हाई. त्येला ढकलावं लागतं."

ते पहिलं मेंढरू मी होणार आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

आठवडाभरानं पलीकडच्या काठाला उतरल्यावर तिनं मला थांबवलं. पोरी शाळेकडं पळाल्या होत्या.

"तुमाला पवता येतं?"

"नाही हो आत्या."

"ह्या पोरींना?"

"नाही."

"मंग मला मधी काय झालं तर?"

माझी डी.एड.ची अक्कल म्हणाली, "तुम्हाला काय होतंय? तुम्ही तर ठणठणीत आहात."

आत्या पदर पिळत राहिली. मग म्हणाली, "अलीकडं वरच्या बांधावर चढताना छातीत धरतं माज्या. पोरांना सांगितलं न्हाई. सांगितलं तर काहील उद्या बंद. काहील बंद झाली की ह्या चौघी घरी बसत्याल, आन् त्यांच्या बापांना त्येच पायजेल. ह्या लहान हायत्या, काहील ढकलायची ताकद न्हाई. काहिलीत दुसरं मोठं मानूस कोन हाय?"

दुसरं मोठं माणूस मी होते. मी मागं वळून पाहिलं, तिथं कुणी नव्हतं.

"बर्गे काढायच्या आत शिकायचं," ती म्हणाली. "येळ किती हाय तुमच्याकडं?"

मी माझं रडगाणं सुरू केलं. साडेचारला उठते, पाणी भरते, दोन मुलांचे डबे, आमच्या ह्यांना दौंडला रेल्वेत ड्यूटी, त्यांची गाडी गाठायची, सासूबाईंचा चहा, त्यांचं देवपूजेचं, संध्याकाळी परत तेच उलटं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "मी येळ किती हाय त्ये इचारलं. न्हाई किती त्ये न्हाई."

हिशोब केला तर रोजचा अर्धा तास निघाला. मी थोडी लवकर निघून साडेनऊला एकटी नदीवर यायचं, पोरी दहाला येतात. कपडे बदलण्यात दहा मिनिटं. उरली वीस. "लई झाली," आत्या म्हणाली.

आता मी कशी होते ते ऐका. त्या रात्री मी आलेखाच्या कागदावर वेळापत्रक आखलं. आडव्या ओळीत दिवस, उभ्या ओळीत हात, पाय, श्वास, असे तांबड्या शाईनं रकाने. पहिल्या आठवड्यात काठ, दुसऱ्यात अर्धी नदी, तिसऱ्यात सबंध. सकाळी मोठ्या ऐटीत तो कागद आत्यापुढं धरला. तिनं उलटसुलट करून पाहिला. "ह्यात नदी कुठाय?" म्हणाली. मग घडी घालून कनवटीला लावला. दुसऱ्या दिवशी काठावर चहासाठी तीन दगडांची चूल पेटवली, तेव्हा माझा पहिला आठवडा जळताना मी डोळ्यांनी पाहिला.

तिचा धडा वेगळाच होता. लव्हाळ्याच्या आड, कमरेइतक्या पाण्यात काहील आणायची, मी तिची कड धरायची आणि आडवं होऊन नुसते पाय मारायचे. पहिल्या दिवशी मी सहावारी नेसून उतरले. पातळात हवा शिरली आणि मी पाण्यावर फुगले. आत्यानं तो फुगा हातानं दाबून बसवला. दुसऱ्या दिवशी तिनं तिचं जुनं लुगडं आणलं आणि मला उभी करून, लहान पोरीला नेसवावं तसा कासोटा घातला. नेसवताना मी तिच्यापेक्षा टीचभर उंच, पण तिथं मीच लहान झाले होते.

मी जीव खाऊन पाय मारले. शिक्षिका ना. दहा-बारा वेळा मारले आणि तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागले.

"बोला," आत्या म्हणाली.

"काय... बोलू?"

"कायबी. मेंढराच्या मागं जाताना मी हाळी द्यायची. हाळी तुटली की माजा बाप म्हनायचा, सावकाश. बोलता आलं पायजे. बोलनं तुटलं की समजायचं, दमापेक्षा जादा चाललंय."

मला पाण्यात बोलायला काही सुचेना. जे तोंडात बसलेलं होतं तेच बाहेर आलं. बे एके बे, बे दुणे चार. बे सक बाराला पाढा तुटला.

"थांबा. आता निस्तं धरून ऱ्हावा."

"पण आत्ता तर सुरुवात..."

"तुटलं की थांबायचं. दम आला की पुन्हा तिथनंच. आन् जरा दम शिल्लक हाय तवाच भाईर यायचं. उरल्यालं उद्याला लागतं."

तर असा माझा अभ्यासक्रम ठरला. हात किती मारले, किती लांब गेले, काही मोजायचं नाही. पाढे मोजायचे. पहिल्या आठवड्यात दोनचा पाढा सलग जमला. मग तिनं मला कड सोडायला लावली. पोटाखाली हात धरायची आणि तो हात कधी काढून घ्यायची ते कळायचंच नाही. एकदा पाचाच्या पाढ्यात मी वळून पाहिलं तर ती चार हातांवर मिसरी लावत उभी. मी तिथल्या तिथं बुडाले. वर आले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "पाच नव्वेपातूर आली व्हतीस. मागं कशाला बघितलंस?" त्या दिवसापासून तिनं मला अहो-जाहो करणं सोडलं.

घरी मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी मला माहेरी पाठवलं असतं. पण सराव करायची हौस दांडगी. एका रविवारी माजघरातल्या बाकड्यावर पालथी पडून हातपाय मारत सातचा पाढा पुटपुटत होते, तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी किंकाळी फोडली, कांदा फोडला आणि माझ्या नाकाला लावला. मीही शहाणी, फेफरं आल्याचं सोंग तसंच चालू ठेवलं. पुढं महिनाभर मला विस्तवाजवळ बसू दिलं नाही. स्वयंपाक सासूबाईंनी केला. मला वीस मिनिटं जास्त मिळाली.

शाळेत मात्र वेणीनं घात केला. गणिताच्या तासाला फळ्याकडं तोंड करून उभी होते, तर मागून आमच्या काहिलीतल्या धाकट्या मंगलचा आवाज, "बाई, तुमच्या वेणीतनं गळतंय." वर्ग खो खो हसला. एरवी मी छडी उचलली असती. पण त्याच सकाळी तेराच्या पाढ्यात माझी स्वतःची गाडी अडकली होती. सात वर्षं मी त्या पाढ्यासाठी पोरांना ओणवं उभं करत होते. गळ्यापर्यंत पाणी असलं की तेरा साती किती ते आठवत नाही, हे मला त्या सकाळी कळलं. ती छडी पुढं फक्त नकाशा दाखवायला उरली.

मध्ये मतदार यादीचं काम लागलं आणि चार दिवस बुडाले. पाचव्या दिवशी मी ठरवलं, चार दिवसांचं एकदम भरून काढायचं. आत्या गवत आणायला वर गेली होती, तेवढ्यात उतरले आणि जोर लावला. पाढे गेले कुठल्या कुठं. पोटरीत असा गोळा आला की मी लव्हाळ्याला धरून ओरडायला लागले. आत्या आली, पाय धरून अंगठा वर ओढला आणि गोळा उतरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. ती गप्प राहिली म्हणजे रागावली. शेवटी कनवटीची बाजरीची भाकरी काढून अर्धी मला दिली.

"ऱ्हायलेला दिस ऱ्हायला," ती म्हणाली. "त्यो कुठं भेटतोय आता? आजचा तेवढा कर."

पौषातल्या थंडीत पाण्यातून निघाल्यावर त्या अर्ध्या भाकरीची आणि लसणाच्या चटणीची चव काय सांगू! रोज मिळायची. ती तिची न्याहारी होती हे मला फार उशिरा कळलं.

माघात एका सकाळी मी एकटीनं अख्खी नदी ओलांडली. दोनपासून निघाले आणि सतराच्या पाढ्याला पायाखाली गाळ आला. तेव्हापासून माझ्या लेखी भीमा सतराच्या पाढ्याइतकी रुंद. मला इतका गर्व झाला की परत अलीकडं येऊन पोरी जमल्याबरोबर मी काहील ढकलायला मागितली. ढकलली. काहील जागच्या जागी पाच वेळा फिरली, पोरींना चक्कर आली आणि आम्ही निघालो त्याच काठाला परत लागलो. "बाई, आपण दौंडलाच आलो!" सुरेखा म्हणाली. आत्या पाण्यात होती, म्हणून मनसोक्त हसली. "दोनी हात सारकं लाव. एका हातानं ढकललं की ती नाचतीया."

पण पोहायला शिकल्याचा एक तोटा झाला. मला दुसऱ्याचा दम ऐकू यायला लागला. काहिलीत बसल्यावर पूर्वी मी आत्याच्या गोष्टी ऐकायचे. आता त्यातल्या फटी ऐकू यायला लागल्या. नदीच्या मध्यावर तिचं वाक्य तुटायचं. ती खाकरायची, पदर सारखा केल्यासारखं करायची आणि पुढं जायची. एक दिवस उतरल्यावर मी म्हणाले, "आत्या, तुमचा पाढा तुटतोय."

ती काही बोलली नाही. जमिनीवर होती.

फाल्गुन लागला होता. बर्गे काढायला दोन-तीन आठवडे राहिले असतील. वारा होता त्या सकाळी, बंधाऱ्याच्या दिशेनं. काहिलीत चार पोरी आणि मी. आत्या कोंडाबाईच्या जावयाची गोष्ट सांगत होती. "तर त्यो जावई म्हनतो कसा, मामी, मला..." आणि पुढचं आलंच नाही.

आम्ही सगळ्या जावई काय म्हणाला त्याची वाट बघत राहिलो. मग मी वळले. आत्यानं दोन्ही कोपरं काहिलीच्या कडेवर टाकली होती. ओठ काळे पडलेले. डोळे माझ्याकडं. काहील हळूहळू फिरायला लागली आणि वाऱ्यानं बंधाऱ्याकडं सरकायला लागली.

मी काय केलं असेल? आधी घड्याळ काढून सुरेखाकडं दिलं. मग पर्स दिली. मग चपला काढून जोडीनं नीट ठेवल्या. ओचा वर खोचला, पोरींना म्हणाले, "सगळ्या पलीकडच्या कडेला सरका," आणि आत्याच्या शेजारी पाण्यात सटकले. गार पाण्यानं छाती आवळली. तोंडातून आपोआप आलं, "बे एके बे."

"बे दुणे चार," काहिलीतून चार गळे. सवयच त्यांना, बाईंनी सुरू केलं की पुढचं म्हणायची.

दोन्ही हात सारखे. मी ढकलत होते, पोरी म्हणत होत्या, आत्या कडेला लोंबकळत होती. तीन, चार, पाच. मान वर करून पाहिलं तर काठ होता तिथंच. सहा, सात. नवाच्या पाढ्यात माझा दम तुटला.

मी थांबले. सगळ्यांत अवघड काय असेल तर ते थांबणं. काहील बंधाऱ्याकडं सरकत होती, पोरी माझ्याकडं बघत होत्या, आणि मी नुसती कड धरून पडून राहिले. आत्यानं हलकेच मान हलवली. तेवढीच. श्वास परत आला तसं मी म्हणाले, "नऊ पाचे," आणि पोरींनी "पंचेचाळीस" उचललं. मग बाराला थांबले, पुन्हा बारापासूनच निघाले. सतरापर्यंत मला अंधारी आली होती. सतरा साती एकशे एकोणीस. सतरा आठी... सतरा आठी...

"एकशे सव्वीस," मी म्हणाले. पोरी गप्प. त्यांचं तिथं नेहमीच अडायचं.

"छत्तीस," शेजारून कुणीतरी म्हणालं. बारीक, खरखरीत आवाज. "एकशे छत्तीस."

शाळेची पायरी न चढलेली बाई चार महिने माझे पाढे ऐकत पाण्यात उभी होती. तिनं ते सगळे उचलले होते. आणि ती बोलत होती. मला त्या पाण्यात रडू फुटलं आणि त्याच वेळी पायाला गाळ लागला.

मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. मुलांनी आत्याला दौंडला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं आहे, पोहणं कायमचं बंद. थोरला मुलगा मला म्हणाला, "बाई, काहीलबी बंद करतोय आता."

"काहील मी ढकलते," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग बाजेवरच्या आईकडं. ती आढ्याकडं बघत होती. पण पांघरुणाखाली तिचे पाय सावकाश हलत होते.

ती काहील मी त्या वर्षी बर्गे काढेपर्यंत ढकलली, आणि पुढची दोन वर्षंही. बरी झाल्यावर आत्या काहिलीत बसून यायची, मधोमध, हाताची घडी घालून. मी पाढ्यांऐवजी आता तिच्यासारख्या गोष्टी सांगायला लागले होते. जावई मामीला काय म्हणाला ते मात्र तिनं कधीच सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, "त्ये पान्यातलं बोलनं हाय." चारही पोरी सातवी झाल्या. सासूबाईंना शेवटी कळलं तेव्हा त्या इतकंच म्हणाल्या, "म्हणजे माझा कांदा वाया गेला." पुढं नवा पूल झाला, माझी बदली झाली, आणि काहील आत्याच्या गोठ्यासमोर मेंढरांना पाणी पाजायला लागली.

आत्याला मी शेवटचं पाहिलं ते त्या पुलावरून. दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी असेल. मी एस.टी.त खिडकीशी, शिरूरला एका लग्नाला निघालेली. पुलावर मेंढरांचा कळप आडवा आला म्हणून गाडी थांबली होती. खाली सहज पाहिलं तर लव्हाळ्याच्या आड, माझ्या जागेवर, पाण्याबाहेर एक डोकं. पांढऱ्या केसांचा बुचडा. परत कोरडं जाता यावं म्हणून काठावर दुसरं लुगडं ठेवलेलं, म्हणजे घरच्यांची नजर चुकवून आलेली. पंचाहत्तरी उलटली होती तिची.

हाक मारावी म्हणून काच सरकवली. मग थांबले. तिच्या पोरांना कळवावं का, हाही विचार आला. आधी पापणी न हलवता तिच्याकडं बघत राहिले. ती कडेकडेनं, अगदी सावकाश चालली होती. दोन हात पुढं, थोडी विश्रांती, पुन्हा दोन हात. आजूबाजूला माणूस नाही, मेंढरू नाही. पण तोंड हलत होतं. एकसारखं, कुठंही न तुटता.

कळप उतरला, गाडी निघाली. मी काच ओढून घेतली आणि कुणालाच काही कळवलं नाही.